चाळीस दिवसांची रजा

आमच्या ऑफिसात रजेच्या अर्जाला कारण एकच असतं, घरगुती. ड्रायव्हरच्या मेहुण्याचं लग्न असो, मुलीचं बाळंतपण असो, दाढ दुखत असो की नुसता कंटाळा आलेला असो, अर्जात 'घरगुती कारणास्तव' एवढंच येतं. अर्ज लिहिणारी मीच. वरठी स्टेशनच्या मालधक्क्याजवळ टिनाच्या शेडमध्ये आमचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस आहे. नऊ ट्रक. चिखल्याच्या खाणीतून मँगनीज भरायचं आणि इथे आणून रिकामं करायचं. ट्रिपा लिहिणं, चलानं सांभाळणं आणि ड्रायव्हर लोकांचे कागद करणं हे बारा वर्षांपासून माझ्याकडे आहे. "ताई, दोन दिवसांचा मारून द्या," असं कोणी म्हटलं की मी मारून देते. असे शेकड्यांनी अर्ज माझ्या हातून गेले असतील. त्यातला शब्दन् शब्द लक्षात राहिलेला अर्ज एकच आहे, दशरथ हटवारचा.

दशरथ शहापूरचा. होळी झाल्यावर कामाला लागला तेव्हा चाळिशीला आला होता. त्या वयात बाकीचे ड्रायव्हर जुने होऊन नव्यांना शिकवत असतात. हा मात्र पंधरा-सोळा वर्षं दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवून, उशिरा जड वाहनाचं लायसन काढून आला होता. उंच, थोडा पोक काढून चालणारा. भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागायचं.

त्याला काही विचारलं की तो आधी विचार करायचा आणि मग बोलायचा. समोरासमोर ते चालून जायचं, फोनवर पंचाईत व्हायची. आमचे मालक, ज्यांना आम्ही सगळे रमेशभाऊ म्हणतो, ते दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" करायचे आणि लाइन कटली म्हणून फोन ठेवायचे. त्यानंतर तिकडून दशरथचं उत्तर यायचं, ते कोणाला ऐकूच जायचं नाही. "गाडी कवा पोचते?" या प्रश्नाला ड्रायव्हरकीत ठरलेलं उत्तर आहे: "आलोच भाऊ, पंधरा मिनिटांत." असं सांगणारा तेव्हा चिखल्याहून निघालेलाही नसतो. दशरथ सांगायचा, "तुमसरच्या फाटकावर उभा आहो. फाटक कवा उघडन ते मले माहीत नाही." भाऊ फोन ठेवून माझ्याकडे बघायचे. "याले खोटं बोलाचं शिकवा कोनीतरी," म्हणायचे. पण त्याची गाडी कुठे आहे याची काळजी त्यांनी कधी केली नाही.

त्याची दुसरी एक सवय साऱ्या यार्डात चेष्टेची झाली होती. गाडी मागे घ्यायची असली की तो आधी खाली उतरायचा. मागे जाऊन बघायचा, चाकाखाली वाकायचा, मग परत चढून गाडी मागे घ्यायचा. प्रत्येक वेळी. दिवसातून सात-आठदा. बाकीचे ड्रायव्हर त्याला 'उतरे' म्हणू लागले. एकदा चहाच्या वेळी एकाने विचारलं, "काय गा उतरे, इतक्या वेळा उतरला, चाकाखाली काही सापडलं का आजवर?"

दशरथने चहा संपवला. तोवर विचारणारा दुसऱ्या विषयावर गेला होता. मग हा म्हणाला, "नाही सापडलं. बरंच झालं ना."

संध्याकाळी गावातून गुरं परतताना तो हॉर्न वाजवायचा नाही. गुरांच्या मागे मागे माणसाच्या चालीने गाडी चालवायचा. त्यापायी त्याची एखादी ट्रिप कमी पडायची आणि भाऊंची बोलणी बसायची. "गुरं घरी जाऊन राहिली असतात भाऊ," एवढंच तो सांगायचा. पुढचं वाक्य आपोआप समजावं अशी त्याची अपेक्षा असे.

तर असा माणूस. आणि त्याच्याच गाडीखाली ते झालं.

आषाढ लागायला काही दिवस होते. दुपारची वेळ. दशरथ चिखल्याहून भरलेली गाडी घेऊन येत होता. मोहाडीच्या अलीकडे एका गावाजवळ रस्त्याच्या कडेला खड्डा होता. पुढे एक बाई सायकलवर होती, कॅरियरला युरियाची थैली बांधलेली. गाडी तिच्या बाजूने पुढे जात असताना खड्डा चुकवायला ती आत वळली. तिचं हँडल गाडीच्या बाजूच्या फळीला, मागच्या चाकाच्या पुढे, लागलं आणि ती पडली. मागचं चाक सायकलवरून गेलं. सायकलीखाली तिचा उजवा पाय होता.

अशा वेळी काय करायचं हे प्रत्येक नव्या ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगितलेलं असतं. गाडी तिथेच सोडायची, पळायचं, सरळ पोलीस ठाण्यात जाऊन उभं राहायचं. जमाव ऐकून घेत नाही. दशरथलाही हे सांगितलं होतं. तो उतरला आणि तिथेच थांबला. सायकल उचलून बाजूला केली. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तयारीला लागलेल्या दोन बाया बांधावरून धावत आल्या, त्यांच्या मदतीने त्याने तिला एका येणाऱ्या गाडीत घातलं. तोवर गावातले लोक जमले. त्यांनी त्याला मारलं. पुढचा एक दात तिथे पडला. तोंडाला दुपट्टा धरून तो भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचला आणि पोलीस येईपर्यंत वॉर्डाबाहेर बसून राहिला.

पंचनामा झाला, गुन्हा नोंदला गेला. भाऊंनी त्याचा जामीन केला. गाडी हळू होती हे आसपासच्या दोघा-तिघांनी सांगितलं, त्यामुळे फार ओढाताण झाली नाही. आठवड्याभरात गाडी सुटली आणि दशरथ पुन्हा चालवू लागला. भाऊ त्याला म्हणाले होते, "तुजी चूक नाही हे सारेच म्हणून राहिले. डोक्यात घेऊ नको." त्याने चावी उचलली आणि गाडीकडे गेला. 

चार-पाच दिवस गेले असतील. सकाळी मी शेड उघडत होते, तेव्हा तो बाहेर उभा होता.

"ताई, अर्ज लिहून पाहिजे."

"किती दिवस?"

"चाळीस."

मला वाटलं चार म्हणाला. मी तसंच लिहायला घेतलं. "चार नाही ताई. चाळीस," तो म्हणाला.

आमच्याकडे नव्या ड्रायव्हरला सहा महिने होईपर्यंत चार दिवसांच्या वर रजा नाही. गाडी उभी राहत नाही, ती दुसऱ्याला जाते, आणि एकदा गेलेली गाडी परत मिळत नाही. त्याला लागून तीन महिने आणि वर काही दिवस झाले होते. हे मी त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. मी 'घरगुती कारणास्तव' लिहून कागद सहीला पुढे केला. तो वाचायला त्याने बराच वेळ घेतला.

"हे घरचं कारन नाही ना," तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्या बाईचं नाव रेखाबाई. नवरा चार वर्षांमागे वारलेला. घरी सत्तरीचा सासरा आणि दहा वर्षांची मुलगी. अडीच एकर धानाची शेती. सुटीच्या दिवशी दशरथ दवाखान्यात गेला होता. आत जायची हिंमत झाली नाही, दाराशीच उभा राहिला. पायात सळई घातलेली ती बाई सासऱ्याला पायाबद्दल काही सांगत नव्हती. पऱ्हे टाकून झाले, रोवणा कोण करणार, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होती. आमच्याकडे बाया एकमेकींच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, पाळीपाळीने रोवायला जातात. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. जिला दुसरीकडे जाता येत नाही, तिच्या बांधीत कोण येणार? पऱ्हे, म्हणजे वाफ्यातली धानाची रोपं, काही थांबत नाहीत. दिवस उलटले की ती म्हातारी होतात आणि ते वर्ष जातं.

"तुम्ही जाऊन काय करणार?" मी विचारलं.

"तिच्या पाळीवर मी जाईन. चिखल करीन, रोवीन. येते मले."

"पण रोवणं बायांचं काम."

"हो," तो म्हणाला.

मी दुसरा कागद घेतला. त्याने सांगितलं तसं लिहिलं: 'गाडी चालवत असताना माझ्या गाडीखाली रेखाबाई यांचा पाय मोडला. त्यांच्या घरी रोवणी करायला माणूस नाही. मी त्यांची रोवणी करायला जात आहे. रोवणी सरली की कामावर येईन.' त्याने सही केली आणि भाऊंची वाट बघत बाकावर बसला.

भाऊंनी अर्ज दोनदा वाचला. ते वाईट मनाचे माणूस नाहीत. पण विम्याची केस उभी राहायची होती, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी बजावलं होतं की त्या घराशी कोणी बोलायचं नाही.

"हे काय लिहिलं? हे तर तू आपल्या हातानं कबूल करून राहिला."

"जे झालं ते लिहिलं भाऊ."

"तिथी गेला तर लोकं पुन्हा मारतीन."

"मारतीन."

"आनि गाडी दुसऱ्याले द्या लागन. मंग माज्याकडे येऊन रडू नको."

दशरथ खाली बघत होता. तसाच म्हणाला, "नाही रडनार."

"मी हे मंजूर करत नाही," भाऊ म्हणाले.

"मंजूर करा म्हनून नाही आनला. मी कुठी चाललो ते तुमाले माहीत असावं म्हनून आनला." त्याने गाडीची चावी टेबलावर ठेवली. कॅबिनमधली पाण्याची कॅन आणि पांघरूण घेऊन तो गेला. भाऊंनी अर्जावर 'नामंजूर' लिहिलं. मग कागद फाडतात की काय असं मला वाटलं, पण त्यांनी तो फाइलला लावायला माझ्याकडे सरकवला.

श्रावणात मी त्या गावी गेले. विम्याच्या वकिलाने एक जबाब टाइप करून पाठवला होता, त्यावर दशरथची सही हवी होती. मी स्कूटीवरून गेले. दिवसभर पावसाची झड लागलेली. रस्त्यावरूनच बांध्या दिसत होत्या, कुठे हिरव्या झालेल्या, कुठे नुसता चिखल. एका बांधीत नऊ-दहा बाया रांगेने वाकून रोवत होत्या. त्यांच्यात मधोमध एक माणूस, बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या, वाकलेला. त्याच्याहून पुढे एक बाई नव्हती आणि मागेही एक नव्हती. रांग सरळ होती.

बांधीच्या कडेला धुऱ्यावर प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन एक म्हातारा बसला होता. तो रेखाबाईचा सासरा, सोमाजी. दशरथ येईपर्यंत मी त्याच्याशी बोलत बसले.

"ही आमची बांधी नव्हे," तो म्हणाला. "आज रेखाची पाळी पलीकडच्या घरी आहे. गाडीवाला तिच्या पाळीवर आला." दशरथला तो शेवटपर्यंत 'गाडीवाला'च म्हणत राहिला. "पयले तीन दिवस मी त्याले अंगनात पाय नाही ठेवू देला. कडूनिंबाखाली बसून राहे. शिव्या देल्या, तरी बसून. चौथ्या दिवशी पानी आला जोरात. चिखल कराले बैल तयार, मानूस नाही. मंग मी त्याले कासरा दाखवला. बोललो काही नाही. नुसता दाखवला."

"आता राहतो कुठे?"

"मारोतीच्या देवळाच्या ओसरीत. घरात ये म्हटलं मी. येत नाही."

"बाया काही बोलत नाहीत?"

"पयल्या दिवशी हासल्या. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर धरली, उभं राहाता येईना. तरी उठून आला. मंग कोनी नाही हासलं."

आठवडाभर दशरथची बायकोही येऊन रोवून गेली होती. स्वतःची एकरभर शेती त्यांनी त्या वर्षी भावाच्या हवाली केली होती.

बाया जेवायला बसल्या तेव्हा दशरथ आला. चेहरा काळा पडलेला, बोटांची कातडी पाण्याने पांढरी होऊन सोललेली. मी जबाबाचा कागद दिला. त्याने हात पुसून तो कोपऱ्याला धरला आणि वाचला. बाई अचानक आडवी आली, ड्रायव्हरची काहीही चूक नव्हती, असं त्यात होतं.

"हे अर्धं आहे ताई," तो म्हणाला.

"उरलेलं अर्धं काय?"

"तिथी खड्डा आहे. सायकलवाले तिथी वळतात. मी तीन महिन्यांपासून पाहून राहिलो होतो." कागद त्याने परत दिला. सही केली नाही. मीही आग्रह केला नाही.

निघताना मी रेखाबाईकडे गेले. ती ओसरीवर खाटेवर होती, पाय उशीवर ठेवलेला. पस्तिशीची, अंगाने काटक. मी कुठून आले ते सांगितलं तेव्हा तिचा चेहरा थोडा आवळला. मग मुलीला चहा ठेवायला सांगितलं.

मी म्हटलं, "दशरथ चांगला रोवतो म्हणतात."

"चांगला रोवते. मानूसही चांगला आहे," ती म्हणाली. पुढे म्हणाली, "पन तो अंगनात दिसला की माजी मांडी ठनकते, बाई. मी काय करू? तो गाडीचा आवाजच येते कानात. मी बाबाले सांगतलं, त्याचा डबा बांधीवर ने."

"त्याला माहीत आहे?"

"मीच सांगतलं त्याले. तवापासून तो घराकडे येत नाही." ती पावसाकडे बघत राहिली. "त्यानं वाईट नाही मानलं. हो म्हने."

रोवणी सरली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो कामावर आला. मी दिवस मोजले नव्हते, पण चाळीसच्या दोन-तीन वर झाले असतील. त्याची गाडी एका पोरसवद्या ड्रायव्हरकडे गेली होती. भाऊंनी त्याला बदलीवर ठेवलं, म्हणजे कोणी सुटीवर गेला तर त्याची गाडी. महिन्यात दहा-बारा दिवस काम मिळायचं. त्याने तक्रार केली नाही. कार्तिकात रेखाबाईच्या धानाची कापणी झाल्याचं मला त्याच्याकडून नाही, सोमाजीकडून कळलं. म्हातारा काही कामाने वरठीला आला होता, ऑफिसच्या दारात थांबला. "धान बरा झाला. गाडीवाल्याले सांगजा," म्हणाला आणि निघून गेला. मी सांगितलं. दशरथने ऐकून घेतलं आणि गाडीकडे गेला.

दीड वर्षाने रेखाबाईच्या भरपाईच्या दाव्याची तारीख लागली. भंडाऱ्याच्या कोर्टात दशरथला साक्षीला बोलावलं होतं. गाडीची कागदपत्रं घेऊन मीही होते. आदल्या दिवशी तो मुद्दाम भाऊंकडे आला होता आणि उद्या आपण काय सांगणार हे त्यांना सांगून गेला होता. भाऊ म्हणाले होते, "विचार कर. मंग इथी काम राहनार नाही." तो म्हणाला होता, "होय भाऊ." दोघांनीही आवाज चढवला नव्हता.

विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, "बाई अचानक आडवी आली, बरोबर?"

"आडवी आली. खड्डा होता म्हनून आली."

"तुमची गाडी हळू होती?"

"हळू होती."

"म्हणजे तुम्हाला ते टाळता आलं नसतं."

दशरथ गप्प झाला. इतका वेळ गप्प राहिला की न्यायाधीश साहेबांनी कागदातून मान वर केली. वकील पुढचं विचारणार, एवढ्यात तो म्हणाला, "तिथी सायकलवाले वळतात हे मले माहीत होतं. मी हळू होतो, पन मांगं राहू शकत होतो. तिले पयले जाऊ देता आलं असतं."

रेखाबाई मागच्या बाकावर बसली होती. काठी मांडीवर आडवी ठेवलेली. ती त्याच्याकडे बघत होती की भिंतीकडे, ते मला कळलं नाही.

दावा तिच्या बाजूने लागला, हे मला नंतर समजलं. फौजदारी प्रकरणाचं पुढे काही झालं नाही. आमच्याकडचं त्याचं काम मात्र त्या दिवशी संपलं. आता तो छत्तीसगडच्या बाजूला कुठेतरी गाडी चालवतो असं शहापूरचे लोक सांगतात. घरी दोन-तीन महिन्यांनी येतो. मला भेटला नाही.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, कोर्ट सुटल्यावर, भंडाऱ्याच्या एसटी स्टँडवर. वरठीच्या गाडीची मी वाट बघत होते. रेखाबाई आणि सोमाजी तुमसरच्या फलाटावर बाकावर बसले होते. बऱ्याच अंतरावर, तिची पाठ होती त्या बाजूला, रसवंतीच्या टपरीपाशी दशरथ उभा होता. तुमसरची गाडी लागली आणि दाराशी गर्दी झाली. सोमाजी आधी चढला आणि आतल्या लोंढ्यात अडकला. रेखाबाईला एका हाताने काठी धरून दांडा पकडता येईना. मागून लोक रेटत होते. तिने एकदा इकडे तिकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. दशरथ जागचा हलला नव्हता.

"अवो," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं असावं, किंवा तिने काठी पुढे धरलेली दिसली असावी. तो आला. तिने काठी त्याच्या हातात दिली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि उजवा पाय ओढत तीन पायऱ्या चढली. तो मागच्या लोकांना पाठीने अडवून उभा होता. ती आत जाऊन खिडकीशी बसली तेव्हा त्याने खालून काठी वर केली. तिने ती आत घेतली आणि काहीतरी म्हणाली. गाडीचं इंजिन सुरू झालं होतं, मला ऐकू आलं नाही. तो मात्र लगेच उत्तरला. विचार न करता उत्तर देताना मी त्याला तेवढंच पाहिलं.

गाडी गेली. तो बाह्या सारख्या करत थोडा वेळ तिथेच उभा राहिला, मग फलाट ओलांडून शहापूरच्या गाड्या लागतात त्या बाजूला चालत गेला.